स्मार्टफोनची मंदगती

स्मार्टफोनच्या पडद्यावर बोट टेकल्यापासून अपेक्षित क्रिया घडेपर्यंतचा काळ नेहमीपेक्षा वाढणे, ॲप उघडताना पडदा गोठल्यासारखा थांबणे, टंकलिखित अक्षरे उशिरा उमटणे वा चालू असलेले ॲप मध्येच बंद पडणे या अवस्थेला स्मार्टफोनची मंदगती म्हणतात. व्यवहारात यासाठी ‘फोन हँग होतो’ किंवा ‘हँग मारतो’ असा शब्दप्रयोग रूढ आहे. सु. ०·१ सेकंदाच्या आत मिळालेला प्रतिसाद माणसाला तात्काळ वाटतो. एक सेकंदापर्यंतचा विलंब जाणवतो, पण विचाराचा ओघ तुटत नाही. दहा सेकंदांपलीकडे मात्र लक्ष उडते आणि वापरणारा पुनःपुन्हा बोट टेकू लागतो. या प्रत्येक टेकण्याची नोंद फोन घेतच असल्यामुळे साठलेल्या आज्ञांनी तो अधिकच अडखळतो.

मंदगती हा एक रोग नसून अनेक कारणांपासून उद्‌भवणारे एकच लक्षण आहे. त्यामुळे कारण न शोधता केलेले उपाय बहुधा वाया जातात आणि काही वेळा फोनमधील नोंदी कायमच्या नष्ट करतात. स्मार्टफोन हे केवळ करमणुकीचे साधन होते तोवर या गोष्टीला फारसे महत्त्व नव्हते. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी प्रकल्प राज्यभर लागू झाला आणि आपल्या शेतातील पिकाची छायाचित्रासह नोंद सातबाऱ्यावर करण्यासाठी शेतकऱ्याच्या हाती ॲप आले. जळगाव जिल्ह्यातील केळी व कापूस उत्पादक किंवा धुळे जिल्ह्यातील बाजरी, कापूस व मका पिकविणारा शेतकरी ही नोंद ठराविक मुदतीत करू शकला नाही, तर पीक विमा, नुकसानभरपाई व शासकीय खरेदी यांच्या वेळी त्याची अडचण होते. अंगणवाडी सेविकांच्या दैनंदिन नोंदींचेही असेच आहे. खानदेशात या प्रश्नाला उन्हाळ्यातील तीव्र उष्म्याची जोड मिळत असल्यामुळे तेथील परिस्थितीचा येथे विशेष विचार केला आहे.

अंतर्गत रचना व कार्य : स्मार्टफोनच्या गतीशी मुख्यत्वे तीन भागांचा संबंध येतो. प्रक्रियक (प्रोसेसर) हा आज्ञा पार पाडतो. रॅम ही तात्पुरती स्मृती चालू कामाला जागा पुरविते. आणि अंतर्गत साठवण (स्टोरेज) ही ॲप, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे इत्यादींचा कायम साठा करते. रॅम म्हणजे खळे आणि साठवण म्हणजे कणगी असे म्हटले, तर दोहोंतील फरक लक्षात येतो. खळे लहान असेल, तर एका वेळी थोडेच धान्य मळता येते आणि उरलेले पुनःपुन्हा आत-बाहेर न्यावे लागते. फोन बंद होताच रॅममधील मजकूर नाहीसा होतो, साठवणीतील टिकतो. दुकानात ‘४–६४’ असे जे सांगितले जाते, त्यातील पहिला आकडा रॅमचा व दुसरा साठवणीचा असून दोन्ही जीबी (गिगाबाइट) या एककात असतात. फोन मंद झाल्यावर छायाचित्रे पुसून रॅम मोकळी होईल ही समजूत या दोन भागांच्या गल्लतीतून आलेली आहे.

अँड्रॉइड प्रणालीत रॅम अपुरी पडू लागली म्हणजे प्रणाली स्वतःच पडद्यामागे थांबलेली ॲप एकामागून एक बंद करते. वापरणारा त्यांपैकी एखाद्याकडे परत वळला, की ते मुळापासून पुन्हा उभारावे लागते. २ जीबी रॅमच्या फोनवर पीक नोंदणीचे ॲप चालू असताना कॅमेरा उघडला आणि परत येईपर्यंत भरलेला तपशील नाहीसा झाला, असा जो अनुभव येतो त्याचे कारण बहुधा हेच असते. वापरणाऱ्याची चूक तेथे काहीच नसते. अँड्रॉइडच्या १३ व्या आवृत्तीपासून तर २ जीबी रॅम ही किमान मर्यादाच ठरविण्यात आली. फोन तोच राहतो. प्रत्येक सुधारित आवृत्तीबरोबर ॲप मात्र अधिक जागा व अधिक गणनाशक्ती मागत जातात. ‘पूर्वी चांगला चालत होता’ या तक्रारीत म्हणूनच तथ्य असते.

साठवण भरणे : मंदगतीचे सर्वांत सामान्य आणि सर्वांत सहज दूर होणारे कारण हे होय. फोनमधील साठवण ही फ्लॅश प्रकारची असते. नँड फ्लॅश या नावाने ओळखला जाणारा तिचा प्रकार जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केला व १९८७ मध्ये जाहीर केला. या स्मृतीचा एक विशेष असा की, तिच्यात लहानशा पृष्ठागणिक लिहिता येते, परंतु पुसावयाचे झाल्यास अनेक पृष्ठांचा संपूर्ण खंडच पुसावा लागतो. मोकळे खंड भरपूर असतील, तर नवी माहिती चटकन लिहिली जाते. साठवण काठोकाठ भरली असेल, तर अर्धवट भरलेल्या खंडांतील उपयुक्त माहिती आधी दुसरीकडे हलवून, मग तो खंड पुसून, नंतर लेखन करावे लागते. त्यामुळे एका लहान नोंदीसाठी पुष्कळ पट काम होते. पुसलेल्या मजकुराची जागा खरोखर मोकळी झाल्याचे साठवणीला कळविण्याची सोय अँड्रॉइडमध्ये २०१३ साली ४·३ या आवृत्तीपासून झाली. एकूण साठवणीपैकी सु. १५ ते २० टक्के भाग मोकळा ठेवावा, असा साधारण प्रघात आहे.

जागा कशाने भरते याचा शोध घेतला असता बहुतेक फोनांत एकच उत्तर मिळते. व्हॉट्सॲपवरील गटांतून येणारी सुप्रभाताची चित्रे, लग्नसराईतील चित्रफिती, भजन-कीर्तनाची ध्वनिमुद्रणे व एकाच चित्रफितीच्या निरनिराळ्या गटांतून आलेल्या प्रती आपोआप उतरविल्या जातात व साठून राहतात. ३२ जीबी साठवणीच्या फोनात प्रणाली व कंपनीने आधीच बसविलेली ॲप यांनी बराच भाग व्यापलेला असल्यामुळे उरलेली जागा वर्षभरातच संपू शकते. यावरील उपाय म्हणजे व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधील साठवणीच्या विभागात जाऊन मोठ्या आकाराच्या व वारंवार पुढे पाठविलेल्या चित्रफिती पुसणे आणि त्यांचे आपोआप डाउनलोड होणे बंद करणे. पुसलेली छायाचित्रे काही ॲपमध्ये ३० वा ६० दिवस कचरापेटीत राहतात. ती रिकामी केल्याशिवाय जागा मोकळी होत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. छायाचित्रे व चित्रफिती बाहेरील मेमरी कार्डावर हलविण्यास हरकत नाही. परंतु स्वस्त व मंद कार्डावर ॲप बसविल्यास फोन उलट अधिकच मंद होतो.

उष्णता : प्रक्रियकाला लागणारी शक्ती ही त्याच्या कालस्पंदांच्या वारंवारतेच्या आणि विद्युत् दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते व ती जवळजवळ सर्व उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. संगणकाप्रमाणे स्मार्टफोनला सहसा पंखा नसतो. उष्णता त्याच्या शरीरावाटेच हवेत जाते. तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ लागले म्हणजे प्रणाली प्रक्रियकाची वारंवारता स्वतःहून उतरविते, पडद्याचा प्रकाश कमी करते, विद्युत् भारण मंदावते किंवा थांबविते आणि कॅमेरा बंद करते. ही संरक्षक यंत्रणा आहे. तिला बिघाड समजणे चूक होय.

जळगाव, भुसावळ, धुळे या परिसरात एप्रिल व मे महिन्यांत कमाल तापमान वारंवार ४३° ते ४५° से.च्या घरात जाते. अनेक उत्पादक आपले फोन ३५° से.पर्यंतच्या परिसरीय तापमानात वापरावेत अशी शिफारस करतात. म्हणजे खानदेशातील उन्हाळ्यात दुपारी घराच्या सावलीतही ही मर्यादा ओलांडलेली असते. याचा परिणाम साध्या हिशेबाने दाखविता येतो. फोनचा पृष्ठभाग ४३° से.पेक्षा अधिक तापू द्यावयाचा नाही असे मानले, तर २५° से. तापमानाच्या खोलीत पृष्ठभाग व हवा यांत १८° चा फरक मिळतो, ४०° से.च्या खोलीत तो केवळ ३° उरतो. बाहेर जाणारी उष्णता स्थूलमानाने या फरकाच्या प्रमाणात असल्याने दुसऱ्या स्थितीत फोनला पहिलीच्या एक षष्ठांशच उष्णता टाकता येते आणि तेवढ्याच बेताने त्याला काम करावे लागते. उघड्या उन्हात स्थिती याहून बिकट होते. सु. १६ सेंमी. लांब व ७·५ सेंमी. रुंद फोनवर भर दुपारचे ऊन सरळ पडले, तर त्यावर सु. १२ वॅट शक्ती येऊन आदळते. फोन स्वतः काम करताना वापरतो त्याच्या ती कित्येक पट भरते. शिवाय उन्हात पडदा दिसावा म्हणून प्रकाश पूर्ण वाढविलेला असतो, त्याची भर वेगळीच.

यामुळे उन्हाळी पिकांची छायाचित्रे घेणे, गृहभेटींच्या नोंदी भरणे अशी कामे शक्यतो सकाळी लवकर करावीत. फोन मोटरसायकलच्या हँडलवर वा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर उन्हात ठेवू नये. तो झाकून पिशवीत ठेवावा व लागेल तेव्हाच बाहेर काढावा. तापलेल्या फोनचे जाड रबरी कव्हर काढून तो सावलीत शहाबादी फरशीवर किंवा पंख्याच्या वाऱ्यात काही मिनिटे ठेवल्यास तो पूर्ववत होतो. तो फ्रिजमध्ये ठेवण्याची युक्ती मात्र घातक आहे. थंड झालेल्या फोनवर बाहेर काढताच हवेतील बाष्प आतबाहेर साचते व विद्युत् मंडल गंजते. भारण चालू असताना चित्रफिती पाहणे किंवा खेळ खेळणेही टाळावे, कारण त्या वेळी बॅटरी व प्रक्रियक या दोन्ही ठिकाणी एकदम उष्णता निर्माण होते.

बॅटरीची झीज : लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध वयाबरोबर वाढतो आणि उच्च तापमानात हा ऱ्हास अधिक वेगाने होतो. प्रक्रियकाने क्षणभर जास्त प्रवाह मागितला, की जीर्ण बॅटरीचा विद्युत् दाब एकदम खाली येतो व २० ते ३० टक्के भार दाखवीत असतानाच फोन बंद पडतो. हे टाळण्यासाठी ॲपल कंपनीने जुनी बॅटरी असलेल्या काही आयफोनांची कमाल गती प्रणालीद्वारे उतरविली होती. ही गोष्ट ग्राहकांना स्पष्टपणे सांगण्यात आली नव्हती. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने ती मान्य केल्यावर मोठा वाद झाला, बॅटरी बदलण्याचे दर उतरविण्यात आले व २०२० मध्ये फ्रान्समध्ये कंपनीला २·५ कोटी यूरो दंड झाला. अशा फोनची बॅटरी बदलताच त्याची मूळ गती परत येते. सर्वच जुन्या फोनांना हा नियम लागू पडत नाही. बॅटरी फुगून फोनची मागील बाजू उचललेली दिसल्यास मात्र गतीचा विचार बाजूला ठेवून तो फोन वापरणे व भारित करणे ताबडतोब थांबवावे, कारण तिला आग लागण्याचा संभव असतो.

जालाची मंदगती व स्थाननिश्चिती : फोन मंद आहे या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचा फोनशी संबंधच नसतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या रावेर, यावल, चोपडा, शिरपूर यांसारख्या तालुक्यांत तसेच साक्री तालुक्याच्या डोंगराळ भागात मनोऱ्यापासून दूरच्या पाड्यांवर संदेश क्षीण मिळतात. अशा ठिकाणी फोनला अधिक शक्तीने प्रक्षेपण करावे लागते. परिणामी तो तापतो, बॅटरी लवकर उतरते आणि मूळच्या विलंबात आणखी भर पडते. नोंदणीच्या मुदतीच्या अखेरच्या दिवसांत सर्व्हरवर पडणारा ताण हे आणखी एक कारण असून त्यावर फोनमध्ये करण्यासारखा उपाय नाही.

पीक नोंदणीत अक्षांश-रेखांश मिळेपर्यंत जो वेळ जातो, तोही फोनच्या मंदपणाचा गणला जाऊ नये. जीपीएस उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा प्रक्षेपित करतात. इंटरनेट चालू असेल, तर ही माहिती जालावरून क्षणार्धात मिळते. ते नसेल, तर ती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते व मध्ये खंड पडल्यास पुन्हा वाट पाहावी लागते. पूर्ण वाढलेल्या केळीच्या बागेत पाण्याने भरलेल्या रुंद पानांच्या छतामुळे हे संदेश आणखी दुबळे होतात. अशा वेळी बागेच्या कडेला मोकळ्या आकाशाखाली एक-दोन मिनिटे स्थिर उभे राहणे हा फोन बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त उपाय आहे.

निदान : प्रथम फोन विमान स्थितीत (एअरप्लेन मोड) ठेवून संपर्क-यादी, छायाचित्रसंग्रह व कॅमेरा उघडून पाहावेत. ते चटकन उघडत असतील, तर दोष जालाचा समजावा. तेही रेंगाळत असतील, तर फोन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. अनेक आठवडे सतत चालू असलेल्या फोनला एवढ्यानेच पुष्कळदा गुण येतो. त्यानंतर सेटिंगमध्ये मोकळी साठवण किती आहे ते पाहावे. जागा पुरेशी असूनही मंदगती राहिली, तर सकाळच्या व दुपारच्या गतीची तुलना करावी. सकाळी चांगला व दुपारी मंद चालणारा फोन उष्णतेने ग्रासलेला असतो. दिवसभर सारखाच मंद असणारा फोन एखाद्या ॲपमुळे अडखळतो काय, हे सुरक्षित स्थितीत (सेफ मोड) कळते. बहुतेक अँड्रॉइड फोनांत बंद करण्याच्या पर्यायावर बोट दाबून धरल्यास ही स्थिती मिळते व तीत नंतर बसविलेली सर्व ॲप तात्पुरती निष्क्रिय होतात. या स्थितीत फोन सुरळीत चालला, तर अलीकडे बसविलेली ॲप एकेक काढून दोषी ॲप शोधता येते. हा क्रम कंटाळवाणा असला, तरी त्याला खर्च नाही. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी दुरुस्तीसाठी फोन देण्यापूर्वी ही पाहणी झालेली असेल, तर नेमका कोणता दोष दूर करावयाचा हे कारागिराला सांगता येते.

उपाय व गैरसमज : न लागणारी ॲप काढून टाकणे, काढता न येणारी निष्क्रिय करणे, मुख्य पडद्यावरील हलती चित्रे बंद करणे आणि प्रणालीची सुधारित आवृत्ती उपलब्ध असल्यास ती वाय-फायवर उतरवून बसविणे, हे नेहमीचे उपाय आहेत. विकासकांसाठीच्या सेटिंगमध्ये पडद्यावरील चलनदृश्यांचा कालावधी निम्मा करता येतो. प्रक्रियकाची गती त्याने वाढत नाही, तरी वापरणाऱ्याला फोन चपळ वाटतो आणि रोजच्या वापरात हा लाभ क्षुल्लक नाही.

अलीकडे वापरलेल्या ॲपची यादी दर थोड्या वेळाने झटकून रिकामी करण्याची सवय मात्र निरुपयोगी आहे. थांबलेले ॲप रॅममधून परत येण्यास जितकी शक्ती लागते, त्यापेक्षा कितीतरी अधिक ते मुळापासून उघडण्यास लागते. ‘बूस्टर’, ‘क्लीनर’ इ. नावांची ॲप हेच काम जाहिराती दाखवीत करतात व स्वतः पडद्यामागे चालू राहून रॅम व्यापतात. त्यांपैकी अत्यंत लोकप्रिय असलेले क्लीन मास्टर हे ॲप, जून २०२० मध्ये भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपच्या यादीत होते. काही फोनांत साठवणीचा भाग रॅम म्हणून वापरण्याची सोय देऊन ‘४ अधिक ४ जीबी’ अशी जाहिरात केली जाते. साठवणीची गती रॅमच्या मानाने फारच कमी असल्याने या वाढीव आकड्यावर भिस्त ठेवू नये.

ॲपच्या माहितीत ‘कॅश’ पुसणे व ‘डेटा’ पुसणे असे दोन पर्याय असतात. कॅश हा पुन्हा तयार होणारा तात्पुरता साठा असल्याने तो पुसण्यात धोका नाही. डेटा पुसल्यास मात्र फोनमध्ये भरून ठेवलेल्या, पण सर्व्हरकडे अद्याप न पाठविलेल्या नोंदी कायमच्या जातात. जाल नसलेल्या गावात आठवडाभर नोंदी करून ठेवणाऱ्याने त्या आधी अपलोड कराव्यात. त्यापूर्वी या पर्यायाला हात लावू नये. संपूर्ण फोन मूळ स्थितीत आणणे (फॅक्टरी रीसेट) हा अखेरचा उपाय होय. अँड्रॉइडच्या ५·१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, चोरीला आळा बसावा म्हणून अशा रीसेटनंतर पूर्वीच्या गूगल खात्याचा पासवर्ड मागितला जाऊ शकतो. ग्रामीण भागात हे खाते पुष्कळदा दुकानदाराने फोन विकताना उघडून दिलेले असते व त्याचा पासवर्ड मालकाला माहीत नसतो. परिणामी मंद पण चालू असलेला फोन पूर्ण बंद होऊन बसतो. म्हणून खात्याचे नाव व पासवर्ड यांची खातरजमा, व्हॉट्सॲपचा बॅकअप आणि छायाचित्रांची प्रत एवढे झाल्यानंतरच हा उपाय योजावा.

मर्यादा : रॅम व प्रक्रियक हे स्मार्टफोनच्या मुख्य फलकावर पक्के बसविलेले असल्याने संगणकाप्रमाणे ते वाढविता येत नाहीत. ॲपची गरज फोनच्या क्षमतेपलीकडे गेली, की वरील सर्व उपाय थिटे पडतात. महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण घडले. पोषण अभियानांतर्गत अंगणवाडी सेविकांना २०१९ च्या सुमारास जे फोन देण्यात आले, त्यांची रॅम २ जीबी होती. मार्च २०२१ मध्ये केंद्र शासनाने पोषण ट्रॅकर हे नवे ॲप आणले. फोन तापणे, वारंवार बंद पडणे, हमीची मुदत संपल्यावर दुरुस्तीचा भुर्दंड आणि ॲपमधील इंग्रजीची अडचण या तक्रारींवरून ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी हे फोन प्रकल्प कार्यालयांत परत केले. लाभार्थी बालकांच्या नोंदी व सेविकांचे कामाचे मूल्यमापन या ॲपवर अवलंबून असल्यामुळे फोनची मंदगती ही तेथे सेवाशर्तींची बाब बनली. फेब्रुवारी २०२३ मधील त्यांच्या राज्यव्यापी संपातही चांगल्या प्रतीचे फोन मिळावेत ही एक मागणी होती. ज्या कामासाठी एखादे ॲप सक्तीचे केले जाते, ते सर्वांत स्वस्त प्रचलित फोनवर, उन्हाळ्यातील दुपारी व क्षीण संदेशाच्या ठिकाणी तपासून पाहणे, ही ॲप तयार करविणाऱ्याची जबाबदारी ठरते.